व्हेनिसमधला पलाझ्झो ग्रासी: आईबरोबरची एक दुपार

पाणवठा

मंडळी, २०२४ च्या ऑक्टोबरात आईला घेऊन चार दिवस व्हेनिसला गेले होते. तेव्हापासून या एका घराबद्दल लिहायचं मनात आहे.

आई ७४ वर्षांची. पहिले दोन दिवस सान मार्को, डोजचा राजवाडा, रिआल्तो असं सगळं गर्दीतून झालं आणि तिसऱ्या दिवशी तिच्या गुडघ्यांनी नाही म्हटलं. मग ठरवलं, आज एकच ठिकाण बघायचं आणि तिथेच दिवसभर बसायचं. पाण्यावरच्या बसने सान सामुएलेच्या धक्क्यावर उतरलो. उतरल्याबरोबर समोर पांढऱ्या दगडाचं भारदस्त घर, तेच पलाझ्झो ग्रासी.

हे घर ग्रासी नावाच्या कुटुंबाने बांधलं. मूळचे हे लोक व्हेनिसजवळच्या किओज्जा गावचे. १७१८ मध्ये त्यांनी पैसे मोजून सरदारकी मिळवली आणि १७४८ मध्ये जॉर्जो मस्सारी या वास्तुकाराकडून घर बांधायला घेतलं. १७७२ मध्ये ते पुरं झालं, तोवर मस्सारी वारलाही होता. पुढे २५ वर्षांत नेपोलियन आला आणि व्हेनिसचं प्रजासत्ताकच संपलं. म्हणजे ग्रँड कॅनालवर (शहरातून वाहणारा मोठा कालवा) सरदारांनी बांधलेल्या मोठ्या घरांच्या रांगेत हे जवळजवळ शेवटचं. बांधणाऱ्यांना त्याचा उपभोग किती थोडा मिळाला, हे मला तिथे असताना सारखं जाणवत होतं.

आता तिथे समकालीन कलेची प्रदर्शनं भरतात. १९८३ मध्ये फियाट कंपनीने घर घेतलं आणि वास्तुकार गाए आउलेंती यांनी त्याची दुरुस्ती केली (पॅरिसच्या जुन्या रेल्वे स्टेशनातल्या ओर्से संग्रहालयाची आतली रचनाही त्यांचीच). २००५ मध्ये फ्रेंच उद्योजक आणि संग्राहक फ्रांस्वा पिनो यांनी ते घेतलं, त्यात व्हेनिस महापालिकेच्या कसिनोचाही २० टक्के हिस्सा राहिला. मग जपानी वास्तुकार तादाओ आंदो यांनी आतली रचना केली आणि २००६ मध्ये घर पुन्हा उघडलं.

आत शिरलं की खांबांची ओवरी आणि मधोमध चौक. चौकाच्या डोक्यावर काच आहे आणि काचेखाली पांढऱ्या कापडाची झुल ताणलेली आहे, त्यामुळे उजेड मऊ होऊन खाली येतो. आई चौकाच्या कडेला बसली आणि पंधरा मिनिटं उठलीच नाही. तिचं लहानपण दोन चौकी वाड्यात गेलं. पण ती वाड्याबद्दल काही बोलली नाही, नुसती वर बघत होती.

मग जिना. मोठा, रुंद, दमछाक न करणाऱ्या पायऱ्यांचा. जिन्याच्या भिंतींवर वरच्या बाजूला भित्तिचित्रं आहेत. पूर्वी ती अलेस्सांद्रो लोंगीची मानत, आता मिकेलांजेलो मोर्लायटरची मानतात. चितारलेल्या कठड्यावर रेलून नटलेली माणसं खाली बघतायत: पंखा घेतलेल्या बायका, एकमेकांच्या कानाशी लागलेले पुरुष. आई दुसऱ्या वळणावर थांबली आणि म्हणाली, "अगं, ही सगळी आपल्यालाच बघतायत. कोण आलं म्हणून." मला ते आधी कळलंच नव्हतं. हे घर पाहुणे येण्यासाठीच बांधलं होतं. जिना चढणाऱ्याचं स्वागत भिंतीवरची माणसं करतात, आणि अडीचशे वर्षं ती तेच काम करतायत. तिकीट काढून आलेल्या आम्हां दोघींनाही त्यांनी तसंच वाकून पाहिलं.

आम्ही गेलो तेव्हा ज्युली मेहरेतू यांचं प्रदर्शन होतं. जन्म इथिओपियातला, वाढल्या अमेरिकेत. त्यांच्या काही मित्र-कलाकारांचं कामही मध्ये मध्ये मांडलेलं होतं. मोठमोठे कॅनव्हास, त्यावर थरावर थर, वादळ उठल्यासारख्या रेषा. खरं सांगते, पहिल्या दोन दालनांत मी नुसती चालत होते. मग एका दालनात चित्रं भिंतीवर नव्हतीच. पारदर्शक जाळीदार कापडावर काढलेली, अॅल्युमिनियमच्या चौकटीत जमिनीवर उभी (चौकटी नायरी बाग्रामियान या शिल्पकर्तीच्या). आरपार पलीकडची माणसं दिसत होती, खिडकीतला उजेड दिसत होता. आई एका चित्राला पूर्ण वळसा घालून आली आणि म्हणाली, "याला पाठच नाही."

आई भरतकाम करणारी आहे. कापड उलटं करून मागचे टाके बघितल्याशिवाय ती कुणाच्या हाताला चांगलं म्हणत नाही. तिच्या तोंडून "याला पाठच नाही" ही केवढी मोठी दाद आहे, ते मलाच माहीत. त्यानंतर ती प्रत्येक चित्र दोन्ही बाजूंनी बघत गेली आणि मी तिच्या मागून.

मला जे सगळ्यात भावलं ते आता सांगते. आंदोंनी चित्रं लावायला पांढऱ्या भिंती उभ्या केल्यात, पण त्या जुन्या भिंतींच्या पुढे, सुट्या. जुन्या घराला न टेकता. दरवाजांच्या चौकटी, छतं, जमिनी जिथल्या तिथे आहेत. उद्या या पांढऱ्या भिंती काढल्या तर घर आहे तसं परत मिळेल. जुनं घर वापरायचं पण त्याला इजा करायची नाही, हे इतक्या स्पष्टपणे केलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलं नव्हतं. जुनी घरं एकतर कुलूपबंद मरतात, नाहीतर दुरुस्तीच्या नावाखाली आतून पार बदलून जातात. इथे तिसरा रस्ता डोळ्यांनी दिसला.

दोन प्रश्न आहेत. एक आईचा: वरच्या मजल्यावरची जमीन घोटलेली, ठिपक्याठिपक्यांची, आणि एवढ्या मोठ्या दालनात कुठे सांधा दिसला नाही. हे कसं करत असतील? दुसरा माझा: तिथलं आधीचं एखादं प्रदर्शन कुणी पाहिलंय का? घर तेव्हा कसं दिसत होतं, ते ऐकायला आवडेल.

---

उंबरठा

पाणवठाताई, फार सुंदर लिहिलंय. आम्ही मेमध्ये जातोय, सासरे बरोबर आहेत. त्यांना जिने झेपत नाहीत. लिफ्ट आहे का? आणि तिकीट आधी काढावं लागतं का?

पाणवठा

लिफ्ट आहे, काळजी करू नका. पण त्यांना जमेल तेवढा जिना जरूर चढू द्या, नाहीतर ती वरून बघणारी माणसं राहून जातील. मंगळवारी बंद असतं, हे लक्षात ठेवा. दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात घर पूर्ण बंद असतं, तेव्हा तारखा बघूनच ठरवा. तिकीट एकच, त्यात पुंता देल्ला दोगानाही येतं. ती जुन्या जकातीची इमारत, तीही आंदोंनीच केली, २००९ मध्ये. पण सासऱ्यांना घेऊन दोन्ही एका दिवशी करू नका.

आणखी एक. मेमध्ये जाताय तर शहरात शिरायचं शुल्क बघून ठेवा. फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांसाठी आहे, २०२५ मध्ये एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक ५४ दिवसांना होतं. तेव्हा आधी भरलं तर ५ युरो, आयत्या वेळी १० होते. रात्री मुक्काम असेल तर माफ आहे, पण तशी नोंद ऑनलाइन करावी लागते.

चुनखडी

ताई, तुमच्या आईंचा प्रश्न वाचून राहवलं नाही. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या जमिनीला तिकडे तेराझ्झो म्हणतात. आपल्याकडे मोझेकच्या लाद्या येतात त्या तिच्याच वंशातल्या, पण फरक मोठा आहे. आपली मोझेक सिमेंटची आणि साच्यात पाडलेली. जुनी व्हेनिसची जमीन चुन्याची, आणि जागेवरच घातलेली. खाली फुटक्या विटा-कौलांचा चुरा आणि चुना यांचा जाड थर, तो धोपटून धोपटून बसवायचा. वर बारीक थर, त्यात संगमरवराच्या रंगीत कपच्या पेरायच्या, पुन्हा दाबायचं, मग दगडाने घासायचं, आठवडेच्या आठवडे. शेवटी जवसाचं तेल पाजायचं. संपूर्ण दालन एकसंध घातलेलं असतं, म्हणून आईंना सांधा दिसला नाही. नजर बरोबर गेली त्यांची.

विटांचा चुरा आणि चुना म्हणजे आपली सुरखी! नाव वेगळं, गोष्ट तीच.

आता चुनाच का, दगडी फरशी का नाही? कारण व्हेनिसची घरं हलतात. खाली खाडीचा गाळ आहे. त्यात ओक, लार्च वगैरेचे लाकडी खुंट शेजारी शेजारी ठोकलेले, त्यावर लाकडी फळ्या, त्यावर दगड, त्यावर घर. गाळात हवा पोचत नाही म्हणून खुंट शेकडो वर्षं टिकतात. एकट्या सान्ता मारिया देल्ला सालूते चर्चखाली दहा लाखांहून जास्त खुंट आहेत असं सांगतात. पण गाळ तो गाळच, घर थोडं थोडं बसत राहतं. वरचे मजले लाकडी तुळयांवर असतात आणि त्या लवतात. तिथे ताठ फरशी घातली तर तडकेल. चुन्याची जमीन घराबरोबर जराशी वाकते. दालनाच्या एका टोकाला उभं राहून बघितलंत तर बहुतेक जुन्या घरांची जमीन लाटेसारखी दिसेल.

दुसरी गोष्ट, बाहेरचा पांढरा दगड. तो इस्त्रियाचा, आजच्या क्रोएशियातल्या किनाऱ्याचा चुनखडीचा दगड. फार घट्ट, पाणी शोषत नाही. जुने गवंडी पाण्याच्या पातळीला जोतं याच दगडाचं करत आणि वर विटा लावत. खारं पाणी दगडाशी थांबायचं. अडचण अशी झाली की समुद्र वर आला आणि जमीन खाली गेली. आता भरतीचं पाणी अनेक घरांत जोत्याच्या वर विटांना लागतं. विटा पाणी पितात, पाणी सुकतं, मीठ आत राहतं, त्याचे स्फटिक फुगतात आणि वीट पिठासारखी गळते. आपण लोणा लागला म्हणतो ना, तोच, पण समुद्राचा.

आणि हे पाणी किती वर आलं ते कसं मोजलं, ऐका. १८ व्या शतकात कानालेत्तो नावाचा चित्रकार होऊन गेला. तो व्हेनिसची दृश्यं कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरून काढायचा, म्हणजे अंधाऱ्या पेटीत पडलेली प्रतिमा गिरवून. त्यामुळे मापं चोख. पाण्याच्या कडेला भिंतीवर शेवाळाची हिरवी पट्टी असते, तीही त्याने प्रत्येक घरावर जिथल्या तिथे काढली. दारिओ कामुफ्फो या शास्त्रज्ञाने ती चित्रं आणि आजची घरं समोरासमोर ठेवून शेवाळाची रेघ किती वर सरकली ते काढलं. तेव्हापासून शहर साधारण ६० सेंटीमीटर पाण्यात गेलंय असं निघालं. एका चित्रकाराने शेवाळसुद्धा आळस न करता काढलं, म्हणून आज आम्हां लोकांना आकडा मिळाला. हे मी प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या दिवशी सांगतो.

अशा भिंती दुरुस्त करायची तिथली रीत आहे, तिला स्कूची-कूची म्हणतात. शब्दशः उसव आणि शिव. कुजलेल्या विटा थोड्या थोड्या काढायच्या, तेवढ्यात नव्या घालायच्या, मग शेजारच्या. भिंत उभीच राहते. भरतकाम करणाऱ्या आईंना हे नक्की सांगा.

पाणवठा

चुनखडीदादा, आईला फोनवर वाचून दाखवलं. सुरखी म्हटल्याबरोबर ती बोलायलाच लागली. तिच्या माहेरी आवारात चुन्याची घाणी होती, बैल गोल फिरायचा, दगडी चाक चरात फिरायचं, आणि मुलांना तिथे जायला सक्त मनाई. चुना डोळ्यात गेला की डोळा जातो म्हणून. हे मी ५० वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

तिचा पुढचा प्रश्न: तेल एकदाच पाजतात की पुन्हा पुन्हा?

गारवेल

मी २०१३ मध्ये गेले होते, तेव्हा रुडॉल्फ स्टिंगेल यांचं प्रदर्शन होतं. पाणवठा, तू पाहिलंस त्याच्या अगदी उलट. त्यांनी सगळ्या घराला गालिचा घातला होता. जुन्या पौर्वात्य गालिच्याची नक्षी मोठी करून छापलेली, आणि ती जमिनीवरच नाही तर भिंतींवरसुद्धा, चौकापासून थेट वरच्या मजल्यापर्यंत. ५,००० चौरस मीटरहून जास्त. त्या लालसर भिंतींवर अधूनमधून एखादंच चित्र. काही दालनांत तर एखादं छोटं करडं चित्र, जुन्या लाकडी संतमूर्तीचं, आणि बाकी नुसती नक्षी.

मला चित्रांपेक्षा आवाज आठवतो. आवाजच नव्हता. बाहेर सान सामुएलेच्या चौकात पोरं बॉल खेळत होती, आत पाऊल टाकलं आणि सगळं बंद. शंभर माणसं असतील घरात, पण कुणाचं पाऊल ऐकू येईना. लोक आपोआप कुजबुजायला लागले. एक बाई तर भिंतीला गाल लावून उभी होती. गालिचा पायाखाली मऊ लागायचा आणि सगळ्यांच्या चालण्याने हळूहळू मळत चालला होता. तो मळणं हाही त्या कामाचाच भाग असावा असं मला वाटलं.

त्या दिवशी मला घराचा आकार कळला. नक्षीने दारं, कोपरे, कोनाडे सगळं झाकलं, म्हणून उरला तो नुसता आकार.

दगडफूल

धागा मनापासून आवडला, पण थोडं वेगळं मत मांडते. रागावू नका.

मी २०१७ मध्ये गेले होते, डेमियन हर्स्टच्या प्रदर्शनाच्या वेळी. चौकात १८ मीटर उंचीचा, मुंडकं नसलेला राक्षस उभा होता. चौक त्याने भरून टाकलेला. पाणवठाच्या आई जिथे बसून वर बघत होत्या, तिथून तेव्हा फक्त त्याची पावलं दिसली असती. मी घर बघायला गेले होते आणि मला घर सापडेना. पांढऱ्या भिंती जुन्या भिंतींना इजा करत नाहीत हे खरं, पण झाकतात ना! ज्या भिंतींसाठी आपण एवढा खटाटोप केला, त्या दिसणारच नसतील तर वाचवल्या कुणासाठी?

मला समोरच्या काठावरचं का' रेझ्झोनिको जास्त जवळचं वाटतं. ग्रासीच्या खिडकीतून ते दिसतंच. १६४९ मध्ये लोंगेना या वास्तुकाराने सुरू केलं, पैसे संपल्याने राहिलं, आणि पुरं केलं कुणी, तर याच मस्सारीने, १७५६ मध्ये. १९३६ पासून ते शहराचं संग्रहालय आहे. तिथे १८ व्या शतकाचं घर घरासारखं मांडलंय. छतावर तिएपोलो या चित्रकाराची चित्रं, झुंबरं, खुर्च्या, आरसे. कुणी राहायचं, कुठे जेवायचं, कुठे नाचायचं, ते कळतं. मला कला बघायची तर घराबरोबर बघायची आहे.

पाणवठा

दगडफूल, रागवायचं काय त्यात. का' रेझ्झोनिको आम्हीही ग्रासीच्या दुसऱ्या दिवशी पाहिलं आणि तिएपोलोच्या छताखाली आईची मान दुखायला लागली, इतका वेळ बघत होती. तुमचा प्रश्न खरा आहे.

माझं म्हणणं एवढंच. का' रेझ्झोनिको एका काळात थांबलंय. ते थांबलेलं असणं गरजेचंही आहे, नाहीतर तो काळ आपल्याला कळणार कसा. पण सगळीच घरं तशी थांबवली तर शहरात राहायला जागा उरणार नाही, नव्या माणसाला आणि नव्या चित्रालाही. व्हेनिसच्या जुन्या बेटांवर आता ५०,००० हूनही कमी लोक राहतात. ग्रासीत दरवेळी कुणीतरी नवं येऊन राहून जातं. कधी राक्षस येतो, कधी गालिचा, कधी पाठ नसलेलं चित्र. पाहुणा आवडला नाही तरी तो जाणार आहे, आणि घर राहणार आहे. राक्षस गेलाच ना! आम्ही गेलो तेव्हा चौक मोकळा होता आणि उजेड खाली उतरत होता.

आणि मेहरेतूंच्या त्या उभ्या चित्रांतून आरपार मला जुनी खिडकी दिसत होती. चित्रामुळे घर जास्त दिसलं. असं नेहमी होत नसेल, हे मान्य.

अनवट

या घराची दोन भारतीय नाती सांगतो, मला ती फार आवडतात.

ग्रासी कुटुंबाने १८४० मध्ये घर विकलं. नंतर ते अनेकांच्या हातातून गेलं. एक ऑपेरागायक अंतोनिओ पोज्जी, आणि त्याच्याकडून घेतलं ते योझेफ आउगुस्ट शेफ्ट या हंगेरियन चित्रकाराने. हा शेफ्ट भारतात हिंडलेला माणूस. १८४१ मध्ये लाहोरला होता, शीख दरबारातल्या लोकांची चित्रं काढत. लाहोर दरबाराचं त्याचं भलंमोठं चित्र आजही लाहोरच्या किल्ल्यातल्या संग्रहात आहे. लाहोरचे सरदार रंगवणारा माणूस ग्रँड कॅनालवर या घराचा मालक झाला. मी ग्रासीत गेलो तेव्हा मेहरेतू, हर्स्ट सगळं बाजूला ठेवून हाच डोक्यात होता.

दुसरं, २००७ मध्ये घरासमोरच्या धक्क्यावर सुबोध गुप्ता यांची स्टीलच्या भांड्यांची प्रचंड कवटी ठेवली होती. पातेली, डबे, बादल्या, आपल्या मांडणीवरची चकचकीत भांडी. फोटो बघितलाय का कुणी? मागे १८ व्या शतकाची पांढरी दर्शनी भिंत, पुढे पाणी, आणि मध्ये आपल्या घरातली भांडी उन्हात चमकतायत. मला त्यात दिखावा दिसत नाही. भूक दिसते. कामाचं नावच 'व्हेरी हंग्री गॉड' आहे, भयंकर भुकेला देव. सरदाराच्या पाणदारावर तो येऊन बसला होता.

पिंपळपान

दगडफूल आणि पाणवठा, तुमच्या दोघींच्या मधलं एक घर सुचवते: फोर्तुनी संग्रहालय. जुनं पेसारो घराण्याचं गॉथिक घर, १५ व्या शतकातलं. २० व्या शतकाच्या सुरुवातीला मारियानो फोर्तुनी तिथे राहायला आणि कामाला आला. कपड्यांवर छपाई, रंगमंचाचे दिवे, फोटो, चित्रं, काय काय करायचा. बारीक चुण्यांचा रेशमी 'देल्फोस' झगा त्याचा आणि त्याची पत्नी हेन्रिएतचा. तो गेल्यावर तिने १९५६ मध्ये घर शहराला देऊन टाकलं.

तिथे भिंतींवर त्याचीच छापील कापडं टांगलेली आहेत, आणि घर अजून कुणीतरी काम करत असल्यासारखं वाटतं. २०१९ च्या नोव्हेंबरात १८७ सेंटीमीटरची भरती आली, १९६६ नंतरची सगळ्यात मोठी, त्यात तळमजल्याचं नुकसान झालं. दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा उघडलं. त्या भरतीच्या पुढच्याच वर्षी, म्हणजे २०२० च्या ऑक्टोबरात, समुद्राच्या तोंडावरचे पोलादी दरवाजे पहिल्यांदा भरतीसमोर उचलले गेले. ते वर्षभर आधी चालू असते तर, असं तिथे उभं राहून वाटल्याशिवाय राहत नाही.

दगडफूल

पिंपळपान, फोर्तुनी यादीत टाकलं. आणि पाणवठा, "राक्षस गेलाच ना" हे वाचून जरा शांत झाले. पुन्हा जाईन, आणि या वेळी आधी चौकात बसेन.

चुनखडी

उशीर झाला उत्तराला, कामावर होतो. आईंना सांगा, तेल पुन्हा पुन्हा. नवी जमीन भरपूर तेल पिते, मग दर काही वर्षांनी पुसून, घासून थोडं थोडं. जुन्या घरांत तेल आणि मेण चोळून चोळून जमिनीला आतून चमक येते. ती वार्निशने येत नाही. वार्निश फासलं तर उलट ओल आत कोंडते आणि कपच्या सुटतात.

उंबरठा

आम्ही जाऊन आलो! सांगितल्याप्रमाणे वृत्तांत.

आम्ही गेलो तेव्हा, २०२५ च्या मेमध्ये, तिथे तातियाना त्रूव्हे यांचं प्रदर्शन होतं. आणि चुनखडीदादा, तुम्हाला खरं वाटणार नाही, त्यांनी चौकाची जमीनच केली होती. काळसर, रस्त्याच्या डांबरासारखा थर, आणि त्यात मॅनहोलची, गटारांची धातूची झाकणं बसवलेली, वेगवेगळ्या शहरांतली. सासरे पाटबंधाऱ्यात होते, नोकरीची ३४ वर्षं पाण्याच्याच मागे. ते काठी टेकत एकेका झाकणापाशी जाऊन वाचत होते. पाणी कुठून येतं, कुठे जातं, हे झाकणावरून ओळखायची त्यांना सवय. अर्धा तास गेला त्यात. बाकीचे लोक वर निघून गेले.

लिफ्टने वर गेलो आणि कठड्यावरून खाली पाहिलं तर ती सगळी झाकणं काळ्या आकाशात चांदण्या टाकल्यासारखी दिसली. सासऱ्यांनी मला बोलावून दाखवलं.

उतरताना मात्र ते जिन्यानेच उतरले, माझ्या खांद्यावर हात ठेवून. वळणावर थांबून त्यांनी वरच्या त्या माणसांकडे बघितलं आणि हात जोडले. मी पाणवठाताईंच्या आईंचं वाक्य त्यांना सांगितलं नव्हतं.

पांढऱ्या भिंतीमागेही डोकावून पाहिलं. एका कोपऱ्यात नवी आणि जुनी भिंत यांच्यात बोटभर फट आहे. फटीतून जुना गिलावा दिसतो, फिकट.